मॅग्निट्यूड ऋण असतं की नसतं? सदिश, भूकंप, तारे आणि डेसिबल

प्रश्न थोडक्यात असा आहे: अकरावीच्या भौतिकशास्त्रात सदिशाचं (दिशाही असलेल्या राशीचं) मॅग्निट्यूड कधीच ऋण नसतं असं शिकवतात. मग खगोलाच्या पुस्तकात व्याधाचं मॅग्निट्यूड −१.४६ कसं दिलेलं असतं? किल्लारीच्या भूकंपाचं ६.२ म्हणजे नेमकं कशाचं ६.२? आणि या सगळ्यांना एकच नाव का?

मॅग्निट्यूड या एका नावाखाली दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी नांदतात. पहिल्या जातीत राशी जेवढी आहे तेवढीच सांगतात: ५ किलोमीटर, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. दुसऱ्या जातीत राशी थेट सांगतच नाहीत. एखाद्या ठरलेल्या संदर्भाच्या ती किती पट आहे ते काढतात आणि त्या पटीचा लॉगॅरिदम (१० चा कितवा घात घेतला की ती पट येते तो आकडा) सांगतात. पहिल्या जातीत ऋण चिन्हाला जागाच नाही. दुसरीत ऋण चिन्ह फक्त इतकंच सांगतं की राशी संदर्भापेक्षा लहान आहे (ताऱ्यांच्या बाबतीत उलट, मोठी आहे). म्हणून कुठलंही मॅग्निट्यूड समोर आलं की दोन गोष्टी विचारायच्या. शून्य कुठे ठेवलंय? आणि एक पायरी चढल्यावर राशीत काही मिळवायचं असतं की राशीला कशाने तरी गुणायचं असतं? या दोन प्रश्नांची उत्तरं नसतील तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही.

मराठीत याला परिमाण म्हणतात, आणि हा शब्द नवा घडवलेला नाही. वैशेषिक दर्शनात गुणांची यादी आहे, त्यात संख्या आणि परिमाण हे दोन स्वतंत्र गुण धरले आहेत. परिमाणाचे प्रकारही दिले आहेत: अणु, महत्, दीर्घ, ह्रस्व. म्हणजे ‘किती नग’ आणि ‘केवढं मोठं’ हे प्रश्न वेगळे, हे आपल्याकडे फार पूर्वी नोंदलेलं आहे. ग्रीकांनीही हाच भेद केला. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात गुणोत्तराची व्याख्या आहे ती एकाच जातीच्या दोन परिमाणांमधली. लांबीचं लांबीशी गुणोत्तर चालतं, लांबीचं वजनाशी नाही. चौरसाची बाजू आणि कर्ण यांचं गुणोत्तर पूर्ण संख्यांत मांडता येत नाही, त्यामुळे परिमाणाला संख्येपासून वेगळं ठेवणं त्यांना भागच होतं. आज घोटाळा होतो तो दुसरीकडे. वर्तमानपत्री मराठीत ‘कलेला नवं परिमाण लाभलं’ म्हणतात तेव्हा अर्थ असतो डायमेन्शन, ज्याला शाळेच्या पुस्तकात मिती म्हणतात. उत्तरपत्रिकेत हे दोन एकमेकांच्या जागी आले की गुण जातात. परिमाणाऐवजी ‘परिणाम’ लिहिणारेही पुष्कळ असतात.

आता पहिली जात. संख्येचं परिमाण म्हणजे केवलमूल्य, शून्यापासूनचं अंतर. −७ आणि ७ दोघांचंही ७. त्यामुळे −५ ही संख्या ३ पेक्षा लहान असली तरी तिचं परिमाण मोठं आहे. ‘लहान’ या शब्दाचे हे दोन अर्थ मिसळले की असमानतेची गणितं चुकतात. सदिशात घटकांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ. नागपूरच्या झिरो माईलच्या खांबाला आरंभबिंदू माना. तिथून ३ किलोमीटर पूर्वेला आणि मग ४ किलोमीटर उत्तरेला गेलात, तर ऑटोचं मीटर ७ किलोमीटर दाखवेल, पण विस्थापनाचं (निघालेल्या जागेपासूनच्या सरळ अंतराचं) परिमाण ५ किलोमीटर. रिंग रोडला पूर्ण फेरी मारून निघालेल्या जागी परत आलात तर विस्थापन शून्य, पेट्रोल मात्र गेलेलं. संमिश्र संख्येचा मापांकही असंच काढतात: ३ + ४i चा मापांक ५.

इथल्या चुका ठरलेल्या असतात. घटकांची सरळ बेरीज करून ७ लिहिणं ही पहिली. ‘त्वरण −९.८’ असं वाचून परिमाणही −९.८ लिहिणं ही दुसरी. ते ऋण चिन्ह दिशेचं आहे, वर ही दिशा धन मानल्यामुळे आलेलं. तिसरी चूक जास्त चिवट आहे: दोन सदिशांच्या बेरजेचं परिमाण म्हणजे परिमाणांची बेरीज असं धरणं. ते फक्त दोघांची दिशा एक असेल तेव्हाच खरं. ३ आणि ४ परिमाणाच्या दोन बलांची बेरीज १ पासून ७ पर्यंत काहीही येऊ शकते.

हा मुद्दा परीक्षेपुरता नाही. वाऱ्याच्या नोंदी घ्या. अर्धा दिवस पश्चिमेकडून ताशी १० किलोमीटर आणि अर्धा दिवस पूर्वेकडून ताशी १० किलोमीटर वारा वाहिला, तर सरासरी वेग (सदिश) शून्य आणि सरासरी चाल १०. दोन्ही आकडे बरोबर. पण ‘सरासरी वारा शून्य’ एवढंच वाचून कोणी पवनचक्कीची जागा नाकारली, तर त्याने परिमाणांची सरासरी आणि सरासरीचं परिमाण यांत गल्लत केली.

दुसऱ्या जातीकडे जायच्या आधी शून्याचा प्रश्न निपटून घेऊ, कारण नागपूरकर तो दर नवतपात (उन्हाळ्यातल्या सर्वात कडक नऊ दिवसांत) चुकवतात. पारा ३० वरून ४५ अंशांवर गेला म्हणजे गरमी दीडपट झाली, असं म्हणता येत नाही. सेल्सिअसचं शून्य पाणी गोठण्याच्या जागी सोयीने ठेवलेलं आहे, उष्णतेच्या खऱ्या तळाशी नाही. खरा तळ −२७३.१५ अंशांवर आहे. तिथून मोजलं तर ३० अंश म्हणजे सुमारे ३०३ केल्विन आणि ४५ अंश म्हणजे ३१८. वाढ झाली पाच टक्के. त्या पाच टक्क्यांत माणूस आडवा होतो ही गोष्ट वेगळी. ती शरीराची मर्यादा झाली, गुणोत्तर नव्हे. पट काढायची तर शून्य खरं हवं.

आता भूकंप. १९३५ मध्ये चार्ल्स रिश्टर यांनी कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी जी पद्धत मांडली ती अशी: वूड-अँडरसन जातीचं ठरावीक भूकंपमापक, केंद्रापासून १०० किलोमीटरवर. त्याच्या कागदावर रेघेची सर्वात मोठी हालचाल १ मिलिमीटर आली तर मॅग्निट्यूड ३. १० मिलिमीटर आली तर ४. ०.००१ मिलिमीटर आली तर शून्य. अंतर १०० किलोमीटर नसेल तर दुरुस्तीचा तक्ता लावायचा. यावरून दोन गोष्टी उघड होतात. एक, शून्य मॅग्निट्यूड म्हणजे ‘भूकंप झालाच नाही’ असं नाही. त्याहून बारीक धक्के असतात, आणि संवेदनशील यंत्रं त्यांना −१, −२ अशी मॅग्निट्यूड देतात. दोन, रिश्टर ही १० पर्यंतची पट्टी नाही. तिला वरून टोकच नाही. मर्यादा येते ती पृथ्वीच्या कवचात तुटायला किती लांबीचा भंग (खडकातली भेग) उपलब्ध आहे त्यामुळे.

एक पायरी चढलं की कंपनाचा आयाम (रेघेची हालचाल) १० पट होतो. ऊर्जा मात्र सुमारे ३२ पट होते (१० चा दीडावा घात), आणि दोन पायऱ्यांना बरोबर १००० पट. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३: मॅग्निट्यूड ६.२. भूज, २६ जानेवारी २००१: ७.७. फरक दीडाचा. म्हणजे आयामात सुमारे ३२ पट आणि ऊर्जेत सुमारे १८० पट. एका वर्तमानपत्रात ६.२ आणि दुसऱ्यात ६.४ छापून आलं तर ‘दशांशाचा किरकोळ फरक’ समजू नका, ०.२ च्या फरकात ऊर्जा दुप्पट होते. ‘छोटे छोटे धक्के बसले की मोठा टळतो’ हेही याच हिशोबाने बाद होतं. ७ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला ५ चे हजार भूकंप व्हावे लागतील.

बातम्यांत ‘रिश्टर स्केल’ अजून छापलं जातं, पण मोठ्या भूकंपांचे आकडे बहुधा त्या पद्धतीचे नसतात. जुन्या पद्धती मोठ्या भूकंपाला तोकड्या पडतात: भूकंप वाढत जातो पण आकडा एका जागी अडकतो. १९७९ मध्ये हँक्स आणि कानामोरी यांनी मोमेंट मॅग्निट्यूड मांडलं. त्यात रेघेची उंची आधार नसते. भंगाचं क्षेत्रफळ, तो सरासरी किती सरकला आणि खडकाची दृढता यांचा गुणाकार घेतात, त्याचा लॉगॅरिदम काढतात आणि गुणांक असे बसवतात की मध्यम भूकंपांचे आकडे जुन्या पट्टीशी जुळावेत. १९६० चा चिलीचा भूकंप याच मापाने ९.५ ठरला.

आता सर्वात जास्त होणारी गल्लत. मराठी बातम्यांत ‘६.२ तीव्रतेचा भूकंप’ असं सर्रास लिहितात. तीव्रता ही वेगळी गोष्ट आहे. मॅग्निट्यूड भूकंपाचं असतं, एका भूकंपाला एकच. तीव्रता जागेची असते: त्या गावात भांडी पडली का, भिंती तडकल्या का, घरं कोसळली का, यावरून ती ठरते आणि गावागणिक बदलते. मर्कली किंवा एमएसके पट्टीवर ती १ ते १२ अशी, रोमन अंकांत देतात. किल्लारीचा भूकंप जगाच्या मापाने मध्यम होता, तरी सुमारे दहा हजार माणसं गेली; कारण केंद्र उथळ होतं, पहाटे चारच्या सुमाराला लोक झोपेत होते आणि घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर जड माळवदाची. हे सगळं तीव्रतेत दिसतं, मॅग्निट्यूडमध्ये नाही. तिसरा आकडा झोनचा. आयएस १८९३ या इमारतींच्या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकाच्या २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांत नागपूर झोन दोनमध्ये आहे. हा ‘दोन’ मॅग्निट्यूड नव्हे आणि तीव्रताही नव्हे. इमारतीच्या आराखड्यात किती जोराचं हादरणं धरायचं याचा तो वर्ग आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘झोन दोनसाठी सुरक्षित’ वाचून ‘दोन रिश्टरपर्यंतच?’ असं विचारणारे लोक आहेत, आणि त्यात त्यांचा दोष थोडाच आहे.

ताऱ्यांची पट्टी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात उलटी. प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञ हिपार्कसकडे जिचं श्रेय जातं आणि टॉलेमीच्या ग्रंथातून जी टिकली, त्या पद्धतीत सर्वात तेजस्वी ताऱ्यांना पहिली प्रत (म्हणजे मॅग्निट्यूड १) आणि नजरेच्या काठावरच्यांना सहावी. वर्गात पहिला नंबर जसा वरचा, तसं. त्यामुळे आकडा वाढला की तेज घटतं. १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी याला गणिती रूप दिलं: पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर १०० पट तेज, म्हणजे एका प्रतीला १०० चं पाचवं मूळ, सुमारे २.५१२ पट. हेच पॉगसन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आले आणि १८६१ मध्ये तिथून त्यांनी ‘आशिया’ हा लघुग्रह शोधला. सूत्र असं: दोन ताऱ्यांच्या प्रतींतला फरक = −२.५ × (त्यांच्या तेजाच्या गुणोत्तराचा लॉग).

पट्टी नीट बांधल्यावर लक्षात आलं की पहिल्या प्रतीत कोंबलेले काही तारे त्या प्रतीहून बरेच तेजस्वी आहेत. त्यांच्यासाठी आकडे शून्याकडे आणि शून्याखाली सरकले. अभिजित ०.०३ वर, अगस्ती −०.७ वर, व्याध −१.४६ वर. पौर्णिमेचा चंद्र −१२.७ आणि सूर्य −२६.७. प्रश्नातल्या ऋण चिन्हाचं उत्तर हे आहे: व्याधाचा प्रकाश ऋण नाही, त्याच्या प्रकाशाचं संदर्भाशी गुणोत्तर एकाहून मोठं आहे आणि सूत्रात पुढे वजा चिन्ह आहे. ध्रुव जवळपास २ वर आहे, म्हणजे व्याध त्याच्या सुमारे २४ पट तेजस्वी. सूर्य आणि पूर्ण चंद्र यांच्यातला १४ चा फरक म्हणजे सुमारे चार लाख पट.

या आकड्यांची सरळ बेरीज केली की हास्यास्पद उत्तर येतं. दुसऱ्या प्रतीचे दोन तारे दुर्बिणीशिवाय एकच दिसत असतील तर त्यांची मिळून प्रत ४ नाही. तसं म्हटलं तर दोघे मिळून एकट्यापेक्षा मंद झाले! आधी प्रत्येकाचं तेज काढायचं, ते मिळवायचं, मग परत लॉग. तेज दुप्पट झालं की प्रत ०.७५ ने उतरते, म्हणून उत्तर १.२५. वसिष्ठ (२.२) आणि अरुंधती (४.०) यांचं मिळून २.० च्या आसपास येतं. अरुंधतीमुळे पडणारी भर थोडीच.

व्यवहारात उपयोग हा. काळ्याकुट्ट आकाशात नुसत्या डोळ्यांना ६ ते ६.५ प्रतीपर्यंत दिसतं. शहराच्या उजेडात साडेतीन-चारच्या पुढचे तारे हरवतात. फरक दोन-अडीचचा, ऐकायला नगण्य. पण साऱ्या खगोलावर ६.५ प्रतीपर्यंतचे तारे सुमारे नऊ हजार आहेत आणि ४ प्रतीपर्यंतचे पाचशेच्या आसपास (एका वेळी यातले निम्मेच क्षितिजावर). नागपुरातल्या सीताबर्डीच्या गच्चीवरून न दिसणारी आकाशगंगा पेंचला दिसते ती यामुळे. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. दुर्बीण घेतानाही हाच हिशोब. अंधाराला सरावलेली बाहुली सुमारे ७ मिलिमीटर, दुर्बिणीचं भिंग ७० मिलिमीटर: व्यास १० पट, क्षेत्रफळ १०० पट, म्हणजे पाच प्रती पुढचे तारे. सहावरून अकरा. ‘५२५ पट मोठं दिसेल’ असं खोक्यावर छापलेलं असतं त्याकडे बघू नका, भिंगाचा व्यास बघा.

इथवरची सगळी दृश्य प्रत होती, म्हणजे आपल्या जागेवरून दिसते ती. तारा खरोखर किती तेजस्वी आहे हे कळायला सगळे तारे १० पार्सेकवर, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवर आणून ठेवल्याचं कल्पून निरपेक्ष प्रत काढतात. अंतर १० पट झालं की तेज १०० पट घटतं, म्हणजे ५ प्रती. या मापाने सूर्य ४.८: पेंचहून मंद दिसेल, सीताबर्डीहून नाही.

आवाजाचा डेसिबलही याच जातीचा, फक्त सरळ. संदर्भ म्हणजे माणसाला जेमतेम ऐकू येणारी तीव्रता, वर्गमीटरला १०⁻¹² वॅट. ० डेसिबल म्हणजे नीरव शांतता नाही, संदर्भाइतका आवाज. दर १० डेसिबलला तीव्रता १० पट, ३ डेसिबलला दुप्पट. मारबतीच्या मिरवणुकीत ९० डेसिबलच्या एका डीजेशेजारी तसाच दुसरा उभा केला तर १८० होत नाहीत, ९३ होतात. आणि म्हणूनच ‘फक्त तीन डेसिबल जास्त आहे साहेब’ हा युक्तिवाद पोकळ आहे: तीन जास्त म्हणजे दुप्पट ऊर्जा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ ही मर्यादा आहे. ८५ नोंदले गेले तर ते दिवसाच्या मर्यादेच्या हजार पट आहेत. कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट वाटते, त्यामुळे ऐकणाऱ्याला हजार पटींचा अंदाज येत नाही. नोंदींची सरासरी काढतानाही सांभाळायचं. अर्धा तास ६० आणि अर्धा तास ९० असेल तर तासाचा समतुल्य आवाज ७५ नाही, ८७ आहे. मोबाइलच्या ॲपने घेतलेल्या आकड्यांची एक्सेलमध्ये साधी सरासरी मारून तक्रार केली, तर आपणच आपली बाजू कमकुवत करतो.

आम्लता सांगणाऱ्या पीएचबद्दल एवढंच पुरे: तोही लॉगॅरिदम, ताऱ्यांसारखा उलटा. संत्र्याच्या रसाचा पीएच साडेतीनच्या आसपास असतो, म्हणजे ७ च्या शुद्ध पाण्यापेक्षा हायड्रोजन आयन सुमारे ३००० पट.

राहिला ऑर्डर ऑफ मॅग्निट्यूड, म्हणजे राशी १० च्या कितव्या घाताच्या जवळ आहे ते. संख्या ‘१ ते १० मधला आकडा × १० चा घात’ अशी लिहायची. पुढचा आकडा ३.१६ (१० चं वर्गमूळ) पेक्षा मोठा असेल तर घात एकाने वाढवायचा. काही पुस्तकं ५ हा काठ धरतात. आपल्या पुस्तकात काय आहे ते बघून तेच वापरा. याचा खरा उपयोग अंदाज तपासायला होतो. नागपूर शहरावर वर्षात किती पाणी पडतं? पाऊस साधारण १ मीटर. शहराचं क्षेत्रफळ दोनशेहून थोडे जास्त चौरस किलोमीटर, म्हणजे २ × १०⁸ चौरस मीटर. गुणाकार २ × १०⁸ घनमीटर, अर्थात २ × १०¹¹ लिटर. आता गरज. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाख. आज वाढलेली आहे, पण २५ लाख धरू. माणशी रोज १३५ लिटर या मानकाने वर्षाचे सुमारे १.२ × १०¹¹ लिटर. दोन्ही एकाच ऑर्डरचे. यावरून ‘छतावरचं पाणी पुरेल’ असं सिद्ध होत नाही, कारण बहुतेक पाणी वाहून, मुरून, वाफ होऊन जातं. पण ‘पुनर्भरणाने काय होणार, थेंबभर’ हे म्हणणं मात्र खोटं ठरतं. उत्तर १०⁸ लिटर आलं असतं तर ते खरं ठरलं असतं.

याच जागी मराठीत एक नेहमीचा अपघात होतो. आपली मोठ्या संख्यांची पायरी शंभराची (हजार, लाख, कोटी, अब्ज), इंग्रजीची हजाराची. मिलियन म्हणजे १० लाख, बिलियन म्हणजे १०० कोटी किंवा एक अब्ज, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. भाषांतर करताना मिलियनला एक कोटी धरलं की चूक बरोबर एका ऑर्डरची होते, आणि मजकूर वाचताना ती खटकत नाही. पडताळा सोपा आहे: आलेल्या आकड्याला लोकसंख्येने भागून माणशी किती येतं ते बघायचं. माणशी तेरा लिटर पाणी किंवा माणशी तेराशे लिटर पाणी आलं, तर कुठेतरी एक शून्य हललेलं आहे.